खाऱ्या पाण्याचा पूल सांभाळायचा कसा? पंप, सेल आणि तो हिरवा दिवा

(आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त आकडे नीट मांडलेत. म्हणजे पंप रूममध्ये उभं राहून फोनवर पटकन बघता येतील.)

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरी, फार्महाउसवर किंवा सांभाळायला घेतलेल्या व्हिलात स्विमिंग पूल आहे आणि तो ‘सॉल्ट वॉटर’वाला आहे. मी पूलच्या मशिनरीचं काम करतो, बहुतेक कर्जत, लोणावळा आणि अलिबाग या पट्ट्यात. इथे वीकेंडला भाड्याने द्यायचे बंगले भरपूर आहेत आणि पाहुणे पहिला प्रश्न विचारतात, “पूल आहे का?” तो पूल सांभाळणारा मात्र बऱ्याचदा गावातलाच एखादा विशी-पंचविशीतला मुलगा असतो. मशीन बसवून गेलेल्या माणसाने त्याला पाच मिनिटांत एवढंच सांगितलेलं असतं, “हा दिवा हिरवा पाहिजे, बस.”

तर आज त्या हिरव्या दिव्याबद्दलच बोलू. मुद्दा आधीच सांगून टाकतो. हिरवा दिवा मशीनबद्दल सांगतो, पाण्याबद्दल सांगत नाही. मशीन ठणठणीत आणि पाण्यात क्लोरीन शून्य, असं होऊ शकतं. आणि त्या पाण्यात लहान मुलं उतरतात, नाकातोंडात पाणी जातं.

२०२४ साली केरळमध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमिबाच्या संसर्गाने मुलं दगावली, ते तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. तिथे संशय मुख्यतः तळ्या-ओढ्यांच्या पाण्यावर होता. पण नेग्लेरिया फाउलेरी नावाचा हा अमिबा कोमट, गोड्या पाण्यात वाढतो आणि क्लोरीन नीट नसलेल्या पूलमध्येही तो जगू शकतो. क्लोरीन व्यवस्थित असेल तर टिकत नाही. असा आजार अतिशय दुर्मिळ आहे, घाबरायचं कारण नाही. पण कानाचं दुखणं, डोळे येणं, पोट बिघडणं हे तर सर्रास होतं. म्हणून हा विषय नुसता ‘मशीन टिकवायचा’ नाही.

मीठ नेमकं काय करतं?

पहिला गैरसमज काढून टाकू. ‘मिठाचा पूल म्हणजे बिनकेमिकलचा पूल’ असं जाहिरातीत म्हणतात. तसं नाहीये. मिठाच्या पूलमध्येही पाणी साफ करतं ते क्लोरीनच. फरक इतकाच, की क्लोरीन डब्यातून न टाकता तिथल्या तिथे तयार केलं जातं.

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. पाइपमध्ये एक सेल बसवलेला असतो. त्यात टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर रुथेनियम, इरिडियम अशा महागड्या धातूंच्या ऑक्साइडचा लेप असतो. खारं पाणी या पट्ट्यांमधून जाताना कमी दाबाची डीसी वीज सोडली जाते. मग क्लोरीन तयार होतं, हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतात आणि थोडा कॉस्टिक सोडा बनतो. क्लोरीन लगेच पाण्यात विरघळतं आणि जंतू, शेवाळ मारतं. काम झालं की त्याचं परत क्लोराइड होतं, म्हणजे मीठच. म्हणून मीठ संपत नाही, फिरत राहतं.

मीठ लागतं किती? बहुतेक घरगुती मशीनना ३००० ते ४००० पीपीएम, म्हणजे एका लिटरला तीन ते चार ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम असतं. म्हणजे समुद्राच्या जेमतेम एक दशांश. जिभेला नुसतं मचूळ लागतं. एवढ्या मिठाने जंतू मरत नाहीत. मरतात ते क्लोरीनने, आणि क्लोरीन बनतं ते पंप चालू असेल, सेलमधून पाणी वाहत असेल तेव्हाच. पंप बंद म्हणजे क्लोरीनचा कारखाना बंद.

आता ही साखळी डोक्यात ठेवा : पंप, फिल्टर, सेल, पीएच. एक कडी निसटली की पुढचं सगळं फुकट.

पंप किती तास चालवायचा?

हिशोब एकदाच करा आणि पंप रूमच्या भिंतीवर लिहून ठेवा. समजा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल आहे. गुणाकार केला तर जवळपास ४५ घनमीटर, म्हणजे ४५,००० लिटर. आता समजा पंप तासाला १२,००० लिटर पाणी फिरवतो. मग पावणेचार तासांत पूलभर पाणी एकदा फिरलं.

पण एकदा फिरलं म्हणजे सगळं गाळलं गेलं का? नाही. गाळलेलं पाणी परत त्याच पूलमध्ये मिसळतं. त्यामुळे एका फेरीत साधारण ६३ टक्के पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं, दोन फेऱ्यांत ८६ टक्क्यांच्या आसपास. म्हणून दोन फेऱ्या धरायच्या, म्हणजे आपल्या उदाहरणात आठ तास.

आता हेच सेलच्या बाजूने बघू. मशीनवर ‘ताशी २० ग्रॅम’ असं लिहिलंय. आठ तास पूर्ण क्षमतेवर चालवलं तर १६० ग्रॅम क्लोरीन. ४५,००० लिटरमध्ये ते होतात साधारण साडेतीन पीपीएम. पंप चारच तास चालवला तर पावणेदोन. आणि मशीन ५० टक्क्यांवर ठेवलं असेल तर त्याच्याही निम्मं, कारण ५० टक्के म्हणजे सेल अर्धाच वेळ चालतो. दिवसभराच्या उन्हात आणि पाहुण्यांच्या गर्दीत जेवढं क्लोरीन खर्च होतं, तेवढं तरी बनायला हवं ना?

वीज वाचवायला म्हणून मालक सांगतात, “तीन तासच चालव रे.” एक अश्वशक्तीची मोटार साधारण एक युनिट तासाला खाते, म्हणजे आठ तासांना आठ युनिट. बिल दिसतं, हे मान्य. पण शेवाळ धरल्यावर पाणी बदलायचं म्हटलं तर ४५,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे साडेचार टँकर आणि वर नवीन मीठ. त्यापेक्षा वेग कमी-जास्त करता येणारा पंप बसवा. वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण वीज तत्त्वतः एक अष्टमांश लागते. तास दुप्पट चालवूनही फायदाच. फक्त वेग इतका उतरवू नका, की सेलला पाणी कमी पडून मशीन थांबेल.

आणि एक गोष्ट. हे मशीन हळूहळू क्लोरीन बनवतं. शनिवारी दुपारी पंधरा जण पाण्यात उतरल्यावर टक्केवारी वाढवून उपयोग नाही. शुक्रवारी रात्रीपासूनच तास वाढवा.

पंपाचं ऐका

पंप बिघडायच्या आधी बोलतो. कान द्या, एवढंच.

खडी फिरवल्यासारखा खडखडाट येतोय? पंपाला पाणी पुरत नाहीये. आधी स्किमरची जाळी बघा, मग पंपाची बास्केट. पानं, केस, प्लास्टिकचे कपटे, काहीतरी अडकलेलं असतं. पूलची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत हवी. पातळी उतरली की पंप हवा ओढतो.

पूलमध्ये परत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसतायत? आपल्याकडे शेतावर म्हणतात तसं, पंप हवा धरतोय. बहुतेक वेळा दोष बास्केटच्या झाकणाखालच्या ओ-रिंगचा असतो. ती काढा, पुसा, चीर आहे का बघा, सिलिकॉन ग्रीस लावा आणि परत बसवा. घरातलं व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं.

मोटार आणि पंप जिथे जोडलेत तिथून थेंब थेंब पाणी येतंय? मेकॅनिकल सील गेलं. ‘थेंबच आहेत’ म्हणून सोडून देऊ नका. हे पाणी खारं असतं, ते मोटारच्या बेअरिंगमध्ये शिरतं. सीलचा खर्च थोडक्यात भागतो, मोटारचा नाही.

कर्कश किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे बेअरिंग. नुसती गुणगुणते पण फिरत नाही, म्हणजे कपॅसिटर गेला किंवा पंखा अडकला. तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग जळेल. लगेच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

आता फिल्टर. वाळूच्या फिल्टरवर प्रेशरचा काटा असतो. फिल्टर स्वच्छ असताना तो कुठे असतो, तिथे मार्करने खूण करा. त्याच्यापेक्षा आठ-दहा पीएसआय वर गेला की बॅकवॉश. आधी पंप बंद, मग व्हॉल्व्हचं हँडल फिरवा, मग पंप चालू. हा क्रम कधीच चुकवायचा नाही. पंप चालू असताना हँडल फिरवलं तर आतलं गॅस्केट फाटतं आणि मग पाणी गुपचूप बाहेर जात राहतं. बॅकवॉशनंतर थोडा वेळ ‘रिन्स’ करा, नाहीतर सुटलेला गाळ परत पूलमध्ये येतो.

बॅकवॉशचं पाणी सोडता कुठे? लक्षात घ्या, लिटरला तीन-चार ग्रॅम मीठ असलेलं पाणी आहे ते. आंब्याच्या मुळाशी, भाजीच्या वाफ्यात किंवा विहिरीजवळ नको. झाड लगेच मरत नाही, पण पानांच्या कडा करपायला लागतात आणि जमीन हळूहळू बिघडते.

सेल आणि ‘लो सॉल्ट’चा चकवा

आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. बादलीला, नळाला पांढरा थर धरतो, तोच सेलच्या पट्ट्यांवरही धरतो. कारण तिथे कॉस्टिक बनतं, म्हणजे पट्टीलगतचं पाणी जास्त अल्कलाइन असतं आणि तिथेच क्षार आधी बसतात. थर बसला की वीज नीट जात नाही, क्लोरीन कमी बनतं.

आजकालचे सेल ठरावीक तासांनी विजेची दिशा उलटी करतात, म्हणजे थर आपोआप सुटतो. तरीही महिन्यातून एकदा सेल उघडून उजेडाकडे धरून बघा. पट्ट्यांमधून आरपार दिसलं तर परत बसवा. विनाकारण धुवायचं नाही. पांढरे खडे दिसले तरच धुवा.

धुवायचा क्रम असा : मशीन आणि पंप बंद, मेन स्विच बंद, व्हॉल्व्ह बंद, सेल बाहेर. आधी पाइपच्या जोरदार पाण्याने धुवा. तेवढ्याने गेलं नाही तर प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या आणि त्यात ॲसिड ओता. दहा भाग पाण्याला एक भाग ॲसिड, इथून सुरुवात करा. ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा हवीच. फेस थांबला की काम झालं, दहा-पंधरा मिनिटांच्या वर ठेवू नका. आणि स्क्रू ड्रायव्हरने किंवा तारेने खरवडू तर अजिबात नका. तो लेप म्हणजेच सेलचं आयुष्य. प्रत्येक ॲसिड धुण्यात तो थोडा झिजतो. नीट सांभाळला तर सेल सहसा तीन ते सात वर्षं जातो.

आता त्या चकव्याकडे येऊ. मशीनवर ‘लो सॉल्ट’ दिसलं की मुलं मिठाची गोणी फोडतात. थांबा! बहुतेक मशीन मीठ थेट मोजत नाही, पट्ट्यांमधून वीज किती जाते त्यावरून अंदाज काढतं. वीज कमी जायची कारणं चार : मीठ खरंच कमी आहे, पट्ट्यांवर थर आहे, पाणी थंड आहे किंवा सेल म्हातारा झालाय. तुम्ही चारही वेळा मीठ टाकलंत तर ते बाहेर काढायचा एकच उपाय, पूलचं पाणी सोडून देणं. आणि मीठ फार वाढलं की वीज जास्त जाऊन कंट्रोल बॉक्स तापतो, बंद पडतो. म्हणून आधी वेगळ्या पट्टीने किंवा मीटरने मीठ मोजा, सेल बघा, मग गोणीला हात लावा.

आणि एक साधी गोष्ट ध्यानात ठेवा. पाण्याची वाफ होते तेव्हा मीठ वर जात नाही, पूलमध्येच राहतं. उन्हाळ्यात पातळी उतरली म्हणून नुसतं पाणी भरायचं, मीठ नाही. मीठ कमी होतं ते बॅकवॉशने, गळतीने, बाहेर उडालेल्या पाण्याने आणि पावसात पूल भरून वाहिला तर. वर्षभर मीठ टाकूनही टिकत नसेल, तर कुठेतरी गळती शोधा.

मीठ कुठलं? आयोडीन नसलेलं, शुद्ध, गुठळ्या होऊ नयेत म्हणून पावडर न मिसळलेलं. बाजारातलं मळकट खडेमीठ स्वस्त पडतं, पण त्याबरोबर माती, कॅल्शियम, मॅग्नेशियमही येतं आणि तेच परत सेलवर बसतं.

किती टाकायचं त्याचं गणित : लिटर गुणिले कमी पडणारे पीपीएम, भागिले दहा लाख. उत्तर किलोत. ४५,००० लिटरमध्ये १००० पीपीएम वाढवायचं तर ४५ किलो. टाकताना सेल बंद, पंप चालू. उथळ बाजूने पसरून टाका, ब्रशने हलवा आणि पूर्ण विरघळून मिसळायला एक दिवस द्या. मगच सेल चालू.

पीएच : न दिसणारी कडी

क्लोरीन आहे, पण कामाचं आहे का, हे पीएच ठरवतो. साध्या पाण्यात पीएच ७.२ असताना क्लोरीनचा साधारण दोन तृतीयांश भाग जंतू मारणाऱ्या जोरदार रूपात असतो. ७.५ ला निम्मा. ८ ला जेमतेम पाव. म्हणजे पीएच ७.२ वरून ८ वर गेला, तर टेस्टमध्ये क्लोरीन तेवढंच दिसेल, पण मारकशक्ती घसरलेली असेल.

मिठाच्या पूलमध्ये पीएच वरच सरकत राहतो. सेलमधल्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांबरोबर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, म्हणून. सोड्याची बाटली हलवल्यावर गॅस जातो ना, तसंच. त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी पीएच बघा आणि ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा. ॲसिड टाकताना पंप चालू हवा, पाण्यात कोणी नको, आणि पातळ करून टाका. पीएच वाढलेला राहिला तर क्षारही सेलवर लवकर बसतात. म्हणजे एका दगडात दोन नुकसान!

दुसरी गोष्ट स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड. हे नसेल तर आपल्याकडच्या उन्हात तासाभरात निम्मं-अधिक क्लोरीन उडून जातं. असेल तर क्लोरीनला छत्री मिळते. ते पाण्यात किती असावं हे मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं. पण छत्री फार मोठी झाली की क्लोरीन मंदावतं, म्हणून मोजल्याशिवाय टाकायचं नाही.

आता टेस्ट. थेंब टाकल्यावर पिवळा रंग येणारं स्वस्त किट एकूण क्लोरीन दाखवतं, त्यात वापरून झालेलं क्लोरीनही मोजलं जातं. गुलाबी रंगाचं डीपीडी किट मोकळं क्लोरीन दाखवतं, आपल्याला तेच हवंय. नमुना हात कोपरापर्यंत बुडवून घ्या, पाणी परत येतं त्या तोंडाजवळून घेऊ नका. स्टॅबिलायझर असलेल्या पूलमध्ये मोकळं क्लोरीन किमान २ पीपीएम हवं. एक गंमत : क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उडतो आणि शून्य वाटतं. शंका आली तर तोच नमुना साध्या पाण्याने पातळ करून परत बघा.

आणि ‘क्लोरीनचा उग्र वास येतोय, म्हणजे क्लोरीन जास्त झालं’ हे बहुतेक वेळा उलटं असतं. तो वास घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा, म्हणजे क्लोरामाइनचा असतो. मोकळं क्लोरीन कमी पडतंय, असाच त्याचा अर्थ. पाहुण्यांना आधी शॉवर घ्यायला सांगा. संकोच करू नका.

पावसाळा आणि गेलेली लाइट

आपल्याकडे मशीनची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. हिशोब बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपला पूल ३२ चौरस मीटरचा. लोणावळ्यात आठवड्यात ५०० मिलिमीटर पडला, जे तिथे नवल नाही, तर १६,००० लिटर गोडं पाणी पूलमध्ये पडलं आणि तेवढंच मीठ मिसळलेलं पाणी वाहून गेलं. ३५०० पीपीएमचं मीठ साधारण २४५० वर येतं. म्हणजे जवळपास पन्नास किलोची एक गोणी गेली. स्टॅबिलायझरही त्याच प्रमाणात गेलं, हे लोक विसरतात.

पंप जमिनीखालच्या खड्ड्यात बसवलेला असेल तर पावसाळ्याआधी तिथला निचरा तपासा. मोटार पाण्यात बुडाली असेल तर पाणी उपसल्यावर ‘चालू करून बघू’ म्हणायचं नाही. वाइंडिंग वाळवून, तपासूनच वीज द्यायची.

लाइट जाते तेव्हा दोन गोष्टी होतात. पहिली, क्लोरीन बनणं थांबतं. दुसरी, बॅटरी नसलेला साधा टायमर जितका वेळ लाइट नव्हती तितका मागे पडतो. चार दिवसांनी बघावं तर सकाळी सहाचा पंप दुपारी एकला सुरू होतोय! लाइट आली की टायमरचं घड्याळ लावायची सवय करा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कित्येक गावांत बरेच दिवस लाइट नव्हती. अशा वेळी मिठाचा पूल म्हणजे नुसतं साचलेलं पाणी, डासांचं घर. म्हणून थोडं द्रवरूप क्लोरीन हाताशी ठेवा. १० टक्क्यांचं एक लिटर आपल्या ४५,००० लिटरच्या पूलला साधारण २ पीपीएम देतं. बादलीभर पाण्यात मिसळून संध्याकाळी चारी बाजूंनी टाका आणि ब्रशने हलवा. ते उन्हात, उष्णतेत कमजोर होतं, म्हणून साठा थोडाच आणि सावलीत ठेवा.

जिथे चालढकल चालत नाही

वीज : पंप आणि कंट्रोल बॉक्सला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवंच. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. नाही पडला, तर पूल बंद आणि वायरमनला फोन. तो सारखा पडतो म्हणून कोणी थेट जोडून दिला, तर समजा, जीव वाचवणारी वस्तूच काढून टाकली.

फ्लो स्विच : पाणी वाहत नसेल तर सेल बंद करणारा हा छोटा भाग. तो त्रास देतो म्हणून वायर जोडून बायपास करणारे मी पाहिलेत. पाणी थांबलेलं असताना सेल चालू राहिला तर हायड्रोजन साचतो आणि हायड्रोजन पेट घेतो, सेल फुटू शकतो. कधीच बायपास करू नका. सेलची वीजही पंपाच्या टायमरमधूनच आलेली असावी.

रसायनं : ॲसिड आणि कुठलंही क्लोरीन एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन प्रकारचं कोरडं क्लोरीन, म्हणजे गोळ्या आणि ब्लीचिंगसारखी पावडर, एकत्र झालं तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. मग वेगळे म्हणजे अगदी मोजपट्टीही वेगळी. आणि ॲसिडचा कॅन कंट्रोल बॉक्सजवळ नको, त्याच्या वाफेने आतलं सर्किट गंजतं.

तळाची जाळी : पंप पूलच्या तळातून पाणी ओढतो. तिथली जाळी तुटली तर केस किंवा अंग अडकून मूल पाण्याखाली धरलं जाऊ शकतं. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशीच गेली. त्यानंतर २००७ साली तिच्या नावाने जाळ्यांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. जाळी तडकलेली दिसली की त्या क्षणी पूल बंद. आणि पंपाचा स्विच कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला आणि पाहुण्यांनाही माहीत हवं.

भिंतीवर चिकटवायची यादी

रोज : मोकळं क्लोरीन, पाण्याची पातळी, स्किमरची जाळी, पंपाचा आवाज. पाहुणे उतरायच्या आधी तळाची जाळी डोळ्यांनी बघायची.

आठवड्याला : पीएच दोनदा, पंपाची बास्केट, प्रेशरचा काटा, टायमरचं घड्याळ, भिंती ब्रशने घासणं.

महिन्याला : मीठ वेगळ्या मीटरने, सेल उजेडाकडे धरून, आरसीसीबीचं बटण, स्टॅबिलायझर, सील आणि ओ-रिंग.

पावसाळ्याआधी आणि नंतर : खड्ड्याचा निचरा, अर्थिंग, मीठ आणि स्टॅबिलायझरचा हिशोब, शिडीवरचा गंज.

आणि एक साधी वही ठेवा. तारीख, क्लोरीन, पीएच, मीठ, काट्याचा आकडा. महिन्याभरात तुम्हालाच दिसायला लागेल, की शनिवारनंतर क्लोरीन किती पडतं, बॅकवॉश किती दिवसांनी लागतो. उद्या मालक म्हणाले, “पंपाचे तास कमी कर,” तर वाद घालू नका, वही पुढे करा. “दादा, हे बघा, चार तासांवर क्लोरीन अर्ध्यावर येतं आणि रविवारी लहान मुलं येतायत.” आकड्यांपुढे बहुतेक मालक ऐकतात.

तर मंडळी, पूल असलेल्या मित्राला हा भाग जरूर पाठवा. तुमच्या पंपाचा काही विचित्र आवाज येत असेल तर तो रेकॉर्ड करून पाठवा, एखाद्या भागात सगळे मिळून ऐकू. भेटू पुढच्या भागात. तोवर दिवा हिरवा दिसला तरी टेस्ट करायची, आणि मगच पोरांना पाण्यात सोडायचं.